बॅलन डी ऑरची मोजपट्टी पेलेला लावू नका

गेल्या रविवारी माझा भाचा बेळगावच्या लेले ग्राउंडवरून प्रॅक्टिस करून घरी आला आणि बूट काढता काढता बाबांना म्हणाला, "आज्जा, तुमच्या वेळचं फुटबॉल म्हणजे नुसतं बॉलमागं पळायचं की. पेलेच्या टीमला आमची अंडर-सिक्स्टीनची पोरं पण हरवतील." पंधरा वर्षांचा पोरगा, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत. कपबशी खाली ठेवली आणि पेपर उघडला. बाबांनी याच शहरात, याच लाल मातीत वीस वर्षं फुटबॉल खेळलंय, त्यातली पहिली सहा-सात अनवाणी. ते असे गप्प बसले की घरात सगळ्यांना कळतं.

भाच्याच्या डोक्यात हे आलं कुठून म्हणून त्याचा फोन घेऊन बघितला, तर हल्ली सगळीकडं फिरणारा तोच मेसेज. टिळकवाडीच्या ग्रुपवर आला, खानापूरच्या मित्रानं पाठवला, संध्याकाळी कोल्हापूरहून मावसभावानं पाठवला. तिघांनीही खाली हसण्याचे इमोजी टाकलेले. मेसेजमध्ये पाच गोष्टी आहेत. पेले आणि मॅराडोनाकडे एकही बॅलन डी ऑर (वर्षातल्या सगळ्यात भारी फुटबॉलपटूचं बक्षीस) नाही, मेस्सीकडे ८ आणि रोनाल्डोकडे ५, म्हणजे विषय संपला. त्या काळी डिफेन्स नव्हताच, गोल फुकट मिळायचे. पेले ब्राझील सोडून कुठं खेळला नाही आणि त्याचे १२८३ गोल खोटे. आजची कुठलीही मोठी क्लब टीम १९७० च्या ब्राझीलला ८-० हरवेल. आणि शेवटी, आपल्या लोकांना तर बूटच माहीत नव्हते, म्हणून १९५० च्या वर्ल्डकपमधून फिफानं भारताला हाकलून दिलं.

आधी बॅलन डी ऑर घेऊ, कारण इतकी बिनडोक गोष्ट लोक शपथेवर सांगायला लागलेत. हे बक्षीस 'फ्रान्स फुटबॉल' या फ्रेंच मासिकानं १९५६ साली सुरू केलं आणि १९९४ पर्यंत ते फक्त युरोपच्या देशांच्या खेळाडूंनाच मिळत होतं. पेले ब्राझीलचा, मॅराडोना अर्जेंटिनाचा. त्यांचं नाव विचारातच घेतलं जात नव्हतं. त्या काळातला मोठा खेळाडू डी स्टेफानो जन्मानं अर्जेंटिनाचा, पण त्यानं स्पेनचं नागरिकत्व घेतलं होतं म्हणून त्याला ते दोनदा मिळालं. १९९५ साली नियम बदलला आणि त्याच वर्षी लायबेरियाचा जॉर्ज वेआ ते घेऊन गेला. तोवर पेलेला खेळ सोडून अठरा वर्षं झाली होती.

या नियमाचा परिणाम काय होता ते १९८६ बघितलं की कळतं. मॅराडोनानं जवळजवळ एकट्यानं अर्जेंटिनाला वर्ल्डकप जिंकून दिला. त्या वर्षीचा बॅलन डी ऑर कुणाला मिळाला? सोव्हिएत संघाच्या इगोर बेलानोव्हला. चांगला खेळाडू होता, पण १९८६ मध्ये जगात सगळ्यात भारी कोण होता हे शाळकरी पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. २०१६ साली त्याच मासिकानं स्वतः मागं वळून पाहिलं आणि जुना नियम नसता तर काय झालं असतं याची यादी छापली. त्यात पेलेच्या नावावर ७ आणि मॅराडोनाच्या नावावर २ बॅलन डी ऑर निघाले. बक्षीस देणाऱ्यानंच हे छापलंय. यावर आणखी काय बोलायचं? ज्या परीक्षेला बसूच दिलं नाही, त्या परीक्षेत नापास म्हणून हसायचं, हा कुठला न्याय?

आता "गोल फुकट" हा मुद्दा. यात अर्धं खरं आहे, ते आधी कबूल करतो. १९५४ च्या वर्ल्डकपमध्ये २६ मॅचमध्ये १४० गोल झाले, म्हणजे मॅचमागं पाचाहून जास्त. तेव्हाचा डिफेन्स आजच्यासारखा बांधीव नव्हता हे मान्य. पण पेलेचा काळ म्हणजे १९५४ नव्हे. १९६२ मध्ये ३२ मॅचमध्ये ८९ गोल झाले, १९६६ मध्ये पुन्हा ३२ मॅच आणि ८९ गोल. भागाकार करा, मॅचमागं २.७८ येतो. १९७० मध्ये ३२ मॅच, ९५ गोल, म्हणजे २.९७. आणि मेस्सीनं जिंकलेला २०२२ चा वर्ल्डकप? ६४ मॅच, १७२ गोल, मॅचमागं २.६९. १९६६ आणि २०२२ यांच्यातला फरक दहा मॅचमागं एका गोलाएवढा. वर्ल्डकपचा हा हिशेब कुणीही करून बघावा. गोल फुकट मिळत होते तर ते गेले कुठं?

आणि डिफेन्स नव्हता म्हणे. होता, आणि कसा होता ते बघा. १९६६ मध्ये पोर्तुगालच्या खेळाडूनं पेलेला एकाच धावेत दोनदा पाडलं, तरी पाडणाऱ्याला मैदानाबाहेर काढलं नाही. वर्ल्डकपमध्ये पिवळी-लाल कार्डं आली १९७० मध्ये. बदली खेळाडूही १९७० पासून. म्हणजे १९६६ मध्ये पेले लंगडत लंगडत मॅच संपेपर्यंत उभा होता, कारण त्याच्या जागी दुसरा पाठवायची सोयच नव्हती. १९८३ मध्ये स्पेनमध्ये मॅराडोनाचा घोटा मोडला आणि मोडणाऱ्याला त्या मॅचमध्ये लाल कार्डही दाखवलं गेलं नाही. आज मागून असा पाय घातला तर माणूस थेट बाहेर जातो आणि तेच बरोबर आहे. पण मग आजच्या नियमाच्या सावलीत केलेले गोल आणि तेव्हा मार खात केलेले गोल एकाच तराजूत कसे घालता?

पेले ब्राझील सोडून खेळला नाही, हे तर दोन मिनिटांत खोटं ठरतं. ऑक्टोबर १९६२ मध्ये पेलेची क्लब टीम सँटोस पोर्तुगालमध्ये लिस्बनला गेली. समोर पोर्तुगालच्या युसेबिओची क्लब टीम बेनफिका, सलग दोन वेळा युरोपची चॅम्पियन. सँटोस ५-२ नं जिंकली, त्यातले तीन गोल पेलेचे. वर्ल्डकपच्या १४ मॅचमध्ये १२ गोल आहेत, त्यातली एकही मॅच ब्राझीलमध्ये झालेली नाही. आणि १९७७ मध्ये हाच पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस टीमकडून कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर तिथल्याच मोहन बागान क्लबविरुद्ध खेळला, मॅच २-२ सुटली. १२८३ चा आकडा मात्र मीही पुढं करत नाही. त्यात मैत्रीच्या मॅच आहेत, लष्कराच्या टीमकडून केलेले गोलसुद्धा धरलेत. स्पर्धांमधले धरले तर ते साडेसातशेच्या आसपास येतात. साडेसातशे! तेवढ्यावर कुणी हसत असेल तर त्यानं खुशाल हसावं.

आता शेवटच्या मुद्द्यावर येतो. हे लिहायला मी बसलो ते खरं तर याच्यासाठी. अनवाणी होते म्हणून फिफानं हाकललं.

१९५० च्या वर्ल्डकपमध्ये भारताला कुणीही हाकललं नव्हतं. भारताला जागा मिळाली होती, गटसुद्धा ठरला होता: स्वीडन, इटली, पॅराग्वे आणि भारत. गेलो नाही ते आपण. आपल्या फुटबॉल फेडरेशननं कारण दिलं की निवडीवर एकमत नाही आणि सरावाला वेळ नाही. त्या वेळी ऑलिम्पिकला जेवढी किंमत होती तेवढी वर्ल्डकपला आपल्याकडं कुणी देत नव्हतं. कॅप्टन म्हणून जाणार होते ते शैलेन मन्ना. त्यांनी पुढं स्वतः सांगितलं की बुटांची गोष्ट ही चूक झाकायला पुढं केलेली सबब होती. चूक कारभाऱ्यांची आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षं हसणं खेळाडूंच्या पायांवर.

आणि त्या पायांनी काय केलं होतं? २९ जुलै १९११ ला मोहन बागाननं कलकत्त्यातल्या आयएफए शील्ड स्पर्धेच्या फायनलमध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ नं हरवलं. अकरांपैकी दहा जण अनवाणी, समोर बूट घातलेले गोरे सोल्जर. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सविरुद्ध बरेचसे अनवाणी खेळले, दोन पेनल्टी चुकल्या आणि तरीही शेवटपर्यंत झुंजून १-२ हरले. हो, १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ नं धुतलं, तेही लपवत नाही. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी मेलबर्नमध्ये भारत ऑलिम्पिकमध्ये चौथा आला. यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवलं, त्यात मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझाची हॅटट्रिक. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. त्या ऑलिम्पिकला युरोपातले मोठे व्यावसायिक खेळाडू नव्हते, हेही खरं. पण १९६२ मध्ये जकार्ताला दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून एशियन गेम्सचं सुवर्ण आणलं तेव्हा? जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके होते, तो डिफेंडर असून पुढं खेळला आणि फायनलमध्ये गोल केला. कोच रहीमसाहेब कॅन्सरनं आजारी होते, पुढच्याच वर्षी गेले. "आपल्या लोकांना फुटबॉल येतच नव्हतं" असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

चोर्ला घाट उतरला की गोवा, इकडं निपाणी ओलांडली की कोल्हापूर. फुटबॉलसाठी वेड्या अशा दोन मुलुखांच्या मध्ये आपलं बेळगाव आहे. इथल्या पोरांच्या डोक्यात कुणी भरवत असेल की तुमचे आजे-पणजे म्हणजे नुसते अनवाणी धावणारे, तर मला ते सहन होत नाही.

त्या दिवशी दुपारी मी माळ्यावरून बाबांचा जुना बॉल काढला. चामड्याच्या जाड पट्ट्या शिवलेल्या, एका बाजूला तोंड. त्यातून रबराचा ब्लॅडर आत घालायचा, हवा भरायची, नळी दुमडून आत कोंबायची आणि वरून चामड्याची वादी ओवून घट्ट आवळायची. ती वादी फुगीर राहते. हेडिंग करताना बॉल त्या बाजूनं आला तर कपाळ फुटायचं. बाबांच्या डाव्या भुवईवर अजून खूण आहे. कोरडा असताना या बॉलचं वजन आजच्या बॉलएवढंच, नियमात तेव्हाही आणि आताही साधारण ४१० ते ४५० ग्रॅम. फरक पडायचा तो पावसात. भाच्याला म्हटलं, बादलीत टाक आणि अर्ध्या तासानं उचल. उचलल्यावर त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, "मामा, याला हेड मारायचे?" जुलैतला बेळगावचा पाऊस, घोट्यापर्यंत लाल चिखल आणि हा बॉल. इंग्लंडचा जुना फुटबॉलपटू जेफ ॲसल २००२ मध्ये गेला, तेव्हा तिथल्या चौकशीत नोंद झाली की वर्षानुवर्षं असे जड बॉल डोक्यानं मारल्यानं त्याच्या मेंदूला इजा झाली होती. त्या काळचं फुटबॉल सोपं होतं असं कुणी म्हटलं की मला हे आठवतं.

राहिला ८-० चा मुद्दा. आजचे खेळाडू जास्त वेगवान आहेत, जास्त ताकदीचे आहेत, यात वाद नाही. आहार, व्यायाम, डॉक्टर, व्हिडिओ, गालिच्यासारखं गवत, पाच बदली खेळाडू. १९७० ची टीम जशीच्या तशी उचलून आजच्या मैदानावर टाकली तर दमेल, हे मी मान्य करतो. पण मग आजची टीमही १९७० च्या मेक्सिकोत टाका. भर दुपारचं ऊन, दोनच बदली खेळाडू, समोर मागून पाय घालणारे डिफेंडर. कुणाच्या मैदानावर, कुणाच्या नियमानं खेळायचं हे ठरवल्याशिवाय स्कोअर सांगणारा नुसतं बोलत असतो. माणूस आपल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा किती पुढं होता, तेवढंच मोजता येतं. १९५३ मध्ये हंगेरीनं वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ नं हरवलं आणि सहा महिन्यांनी बुडापेस्टमध्ये ७-१ नं. त्या टीमचा कॅप्टन पुस्काश, त्याचे हंगेरीकडून ८५ मॅचमध्ये ८४ गोल. मेस्सीनं २०१२ या एका वर्षात ९१ गोल केले. हे सगळे आपापल्या काळाच्या खूप पुढं होते, आणि एकाला मोठं करायला दुसऱ्याला खाली ओढायची गरज पडत नाही.

संध्याकाळी भाच्यानं बाबांजवळ बसून विचारलं, "आज्जा, मग खरंच मोठा कोण? पेले की मेस्सी?" मला वाटलं बाबा पेले म्हणणार. ते म्हणाले, "पेलेला मी बघितलं कुठं रे? रेडिओवर आणि पेपरात. मॅराडोनाला बघितलं, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, रात्री साडेअकराला, बाहेर धो धो पाऊस. आणि मेस्सीला बघितलं. बघितलेल्यांत मेस्सी."

मेसेज जिथून आला त्या तिन्ही ठिकाणी हे सगळं मी पाठवतोय. हसण्याचे इमोजी टाकणाऱ्यांनी आधी १९६६ आणि २०२२ च्या वर्ल्डकपचे निकाल काढून गोलांची बेरीज करावी आणि मग मला उत्तर द्यावं.