त्या काळ्या कोपऱ्याबद्दल

नमस्कार,

फोटोतली खाडाखोड कधी फसवणूक ठरते यावरच्या माझ्या लेखाला, आणि त्यातल्या ओंकारेश्वराच्या घाटाच्या माझ्या जुन्या फोटोला, आलेली तुमची प्रतिक्रिया चार वेळा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू? तुम्ही लिहिलंत: 'तुम्ही डार्करूममध्ये आभाळ काळं केलंत की कला, आणि आम्ही फोटोशॉपमध्ये एक वायर पुसली की फसवणूक. हा सदाशिव पेठी दुटप्पीपणा झाला. तुमच्या ओंकारेश्वराच्या फोटोत डावीकडचा खालचा कोपरा काळा ठिक्कर आहे, तिथं काय होतं ते आधी सांगा.' (राहतो मी नारायण पेठेत, पण ते असो.)

कोपऱ्याकडे येतो. आधी तुमचा पहिला मुद्दा. हातानं केलं ते पवित्र आणि माउसनं केलं ते पाप, असं माझ्या लेखातून निघत असेल तर लेख फसला. 1850च्या दशकात गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढायचा, तेव्हाच्या निगेटिव्हच्या (म्हणजे उजळ ते काळं अशा उलट्या प्रतिमेच्या) काचा निळ्या उजेडाला इतक्या हळव्या की पाणी नीट उमटेपर्यंत आभाळ पांढरंफटक व्हायचं. मग त्यानं आभाळाची निगेटिव्ह वेगळी घेतली, समुद्राची वेगळी, आणि दोन्हींचा मिळून एक प्रिंट केला. जोडकाम म्हणाल तर ते इतकं जुनं आहे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं नाव तुम्ही घेतलंत, त्या अमेरिकन निसर्ग-छायाचित्रकारानंही पुसापुशी केलीय. 1944च्या त्याच्या सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या हिवाळी सूर्योदयाच्या फोटोत डावीकडच्या टेकडीवर लोन पाइन गावच्या शाळेच्या पोरांनी गावाच्या नावाची 'एल पी' अशी भलीमोठी पांढरी अक्षरं काढून ठेवली होती. निगेटिव्हमधून जमली तेवढी त्यानं काढली, उरलेली प्रत्येक प्रिंटवर बुजवली. आणि हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं.

पण यावरून 'मग सगळंच चालतं' यावर तुम्ही जी उडी मारलीत, तिथं माझं अडतं.

विशीत मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका स्टुडिओत दोन वर्षं काढली. तिथं खिडकीशी एक उतरतं टेबल होतं, काचेखालून उजेड, आणि त्यावर रिटचिंग करणारे काका. चेहऱ्यावरची सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक रेघ म्हणून दिसते. तिच्यावर अणकुचीदार पेन्सिलीनं बारीक ठिपके भरले की तिथून उजेड कमी जातो आणि प्रिंटवर सुरकुती विरते. काकांचा हात इतका हलका की भिंग लावूनही ठिपका सापडू नये.

एकदा एक गृहस्थ आईचा फोटो घेऊन आले. वडील गेल्यानंतरचा, कपाळ मोकळं. आईवडिलांचा जोडीनं एकही फोटो नव्हता. वडील एका लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत, दोन टोप्यांच्या मधे. काकांनी तिथून वडील काढले, अंगात कोट घातला, आईच्या शेजारी बसवले आणि आईला कुंकू लावलं. फ्रेम घेताना ते गृहस्थ काउंटरवरच रडले. या फोटोत खरं म्हणावं असं जवळजवळ काही नव्हतं, आणि तरी कोणी फसलं नव्हतं. घरातल्या प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात एका मुलीचा 'दाखवायचा' फोटो आला. 'जरा उजळ करा' एवढीच मागणी. प्रिंट करताना चेहऱ्यापुरता उजेड काही सेकंद अडवला की झालं, पेन्सिलसुद्धा लागत नाही. तो प्रिंट मी केला. तो जाणार होता मुलाकडच्यांच्या हातात, आणि त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढं त्या मुलीला काय ऐकावं लागलं असेल याचा विचार तेव्हा मनाला शिवला नाही. निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचा एकच एन्लार्जर, प्रिंट पक्का करणाऱ्या हायपोची एकच ट्रे. जोडीच्या फोटोत केवढी उलथापालथ होती आणि या फोटोत किती किरकोळ काम! पण फसवणूक झाली ती इथं.

म्हणून किती बदललं यापेक्षा बघणाऱ्याला काय सांगून दाखवलं, याकडे मी बघतो. नार्सिसो कॉन्ट्रेरस या पुलित्झर मिळालेल्या छायाचित्रकारानं सीरियातल्या एका फोटोतून सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला. कोपऱ्यातला, मूळ प्रसंगाशी काही संबंध नसलेला. तो ज्या वृत्तसंस्थेसाठी काम करायचा त्या असोसिएटेड प्रेसनं त्याचे जवळजवळ 500 फोटो तपासले, दुसरा एकही बदललेला सापडला नाही, आणि तरी 2014 साली त्याच्याशी संबंध तोडले. तुम्हाला हा अतिरेक वाटेल. मला नाही वाटत. बातमीचा फोटो म्हणजे 'मी तिथं होतो, तिथं हे होतं' एवढंच. 'फ्रेम लावली म्हणजे निम्मं जग कापलंच की' हे तुमचं वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण चौकटीच्या कडेला जग संपत नाही हे शेंबडं पोरही जाणतं. चौकटीच्या आतून काही गायब झालंय, हे मात्र कोणालाच कळत नाही.

आता कोपरा.

ओर्वो कंपनीचा फिल्म रोल होता, प्रिंटसाठी इंदूचा 3 नंबरचा कागद. अख्ख्या प्रिंटला 18 सेकंद उजेड, मग बाकी सगळ्यावर पुठ्ठा धरून त्या कोपऱ्याला आणखी 50. कागदावर उजेड जितका जास्त, तितकं काळं. तिथं कचऱ्याचा ढीग होता आणि त्यात वाकून प्लॅस्टिक वेचणारी एक बाई. धुक्यातला घाट, अर्घ्य देणारा माणूस, आणि मधेच हे. 'नजर तिकडे जाते' अशी मी स्वतःची समजूत घातली. खाली चिठ्ठी लावली: 'ओंकारेश्वर, पहाट, 1989'. बालगंधर्व कलादालनात एक आजोबा त्या फोटोसमोर बराच वेळ उभे होते. म्हणाले, 'काय स्वच्छ होती हो नदी तेव्हा.' मी मान डोलावली.

तेव्हा तुम्ही बरोबर. वायर पुसण्याइतकंच ते पुसणं होतं, उलट जास्तच, कारण मी माणूस पुसला आणि वर जागा, वेळ, साल लिहून हमी दिली.

परवा रात्री निगेटिव्ह शोधली. इंदू आता कुठला मिळायला, इल्फर्डच्या कागदावर प्रिंट केला, पुठ्ठा न धरता. ट्रेमध्ये आधी पायऱ्या आल्या, मग तो माणूस, आणि कोपरा सगळ्यात शेवटी. बाई पाठमोरी आहे. पाठीवरचं पोतं सिमेंटचं, त्यावरची दोन अक्षरं वाचता येतात. मूळ लेखात दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी लावलेत. जुना काढलेला नाही.

आणि तुमच्या वायरचं म्हणाल, तर फोटो कशासाठी होता ते तुम्ही लिहिलंच नाहीत. दिवाणखान्यात लावायचा असेल तर खुशाल पुसा. गल्लीत तारा लोंबताहेत म्हणून वीजवाल्यांना पाठवायचा असेल तर राहू द्या बुवा.