सोलंगचे चार दिवस: चिपळूणच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

मनालीजवळच्या सोलंगला आम्ही बर्फावर स्कीइंग शिकलो, त्याच्या खर्चावर मी लिहिलं, ते वाचून तुम्ही म्हणता की पैसे वाचवायच्या नादात मी मुलांचे हाल केले, तेवढ्यात पॅकेज टूरनं शिमला-कुलू-मनाली सगळं झालं असतं, आणि दारात समुद्र असताना बर्फ हवाच कशाला. तिन्ही गोष्टी मनाला लागल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

भाड्याच्या बुटांबद्दल तुमचं अगदी खरं आहे. पहिल्या दिवशी रस्त्याकडेच्या दुकानातून घाईघाईत घेतले. मुलीला एक नंबर मोठे मिळाले आणि मीच तिला म्हटलं, "आत दोन मोजे घाल." स्कीचे बूट टणक प्लॅस्टिकचे असतात. आत टाच उचलली गेली की पाय वळवला तरी स्की (बुटाखालची लांब पट्टी) वळत नाही, आणि नडगी घासते ती वेगळीच. संध्याकाळी तिची नडगी लालबुंद झाली होती. दुसऱ्या दिवशी दुकान बदललं, घट्ट बसणारे बूट आणि एकच पातळ मोजा घातला. तिचं वजन सांगून बाइंडिंगही, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणारी पकड, लावून घेतलं, त्यामुळे पडल्यावर स्की पायातून सुटते आणि गुडघा पिरगळायची भीती कमी होते. हे मूळ लेखात यायला हवं होतं. चूक माझी.

प्रवासात मात्र हाल झाले नाहीत. मंगला एक्स्प्रेसनं रत्नागिरीहून निजामुद्दीन, दीड दिवसाच्या आसपास, आणि पुढे दिल्लीहून मनालीची रात्रीची बस. 5 ते 12 वर्षांच्या मुलांना बर्थ नको असेल तर अर्ध्या तिकिटात नेता येतं. एवढ्या लांबच्या प्रवासाला मी ते केलं नाही, दोघांनाही पूर्ण तिकीट काढून स्वतंत्र बर्थ दिला. विमान टाळून वाचले तेवढे पुष्कळ होते. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या सकाळी आठच्या ठोक्याला बसलं की जागा मिळते. डब्यात दशम्या, मेतकूट आणि लाडू होते.

आता पॅकेजचं. त्यात सोलंगला मिळतो तासभर. कोट आणि गमबूट भाड्यानं, एक माणूस हात धरून उतारावर चार पावलं ओढत नेतो, फोटो निघतो, संपलं. माझ्या मते सगळ्यात महाग स्कीइंग ते. आम्ही नाताळ-नववर्षाचा आठवडा टाळून 26 जानेवारीनंतर गेलो, एकाच गावात पाच रात्री राहिलो, आणि शिमल्याची गाडी, हॉटेल, फिरणं यांचे वाचलेले पैसे चार दिवसांच्या एकाच शिक्षकावर घातले. तासाचा दर न ठरवता चार दिवसांचा मिळून ठरवला. पहिले दोन दिवस मुलं नुसती पडायला आणि उठायला शिकली. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलीनं स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून उतारावर आपणहून वेग कमी केला आणि थांबली. ताई, तिचा तो चेहरा बघायला मी पुन्हा दीड दिवस गाडीत बसेन.

कपड्यांवर फारसा खर्च झाला नाही, तो कोकणातल्या पावसामुळे. आपल्या घरी रेनकोट-पँट असतेच. आत गरम कपडे (पुण्याच्या नणंदेकडून आणलेले), वर आपला पावसाळी जोड. सुती कपडा ओला झाला की अंगाला गारठवतो, म्हणून अंगालगत सुती नको. गॉगलवर मात्र काटकसर करू नका. कोरड्या वाळूवरून अतिनील किरण साधारण 15 टक्के परततात, ताज्या बर्फावरून 80 टक्क्यांपर्यंत. रत्नागिरीच्या भाट्याच्या किनाऱ्यावर डोळे दिपतात, बर्फात तर डोळ्यांना इजाच होते.

आणि समुद्र. माझी मुलं समुद्रातच वाढली. ओहोटीला पाय कुठे ठेवायचा, लाट येताना कसं उभं राहायचं, हे आजोबांचं बोट धरून शिकली. बर्फावर बोट धरायला आमच्या घरात कुणीच नव्हतं, म्हणून मी इतर सगळीकडे हात आखडता घेतला आणि शिक्षकाला पैसे दिले. त्यासाठी दोन वर्षं भिशी लावली होती, कर्ज काढलं नाही.

तुमची मुलंही माझ्याच मुलांच्या वयाची आहेत असं लिहिलंत. कधी जायचं ठरवलंत तर हातमोज्यांच्या दोन-दोन जोड्या ठेवा, पहिली दुपारपर्यंत भिजते. आमच्या धाकट्याचे आता त्याला होत नाहीत. रत्नागिरीला आलात की घेऊन जा.