निपाणीच्या सरांना उत्तर : ‘सुटले’ हा शब्द माझा चुकलाच

सर,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल दिवसभर डोक्यात होती, म्हणून दोन ओळींत धन्यवाद लिहून विषय संपवत नाही, नीट उत्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कर्नाटकचे भाजपचे माजी मुख्यमंत्री येडियुरप्पा यांच्यावरच्या जुन्या खटल्यांबद्दल मी जे लिहिलं त्यावर सरांनी तीन गोष्टी सुनावल्यात. कोर्टानं निर्दोष ठरवलेल्या माणसाचं जुनं उकरून का काढता, ते सगळं काँग्रेसचं सूडाचं राजकारण होतं. दुसरं, मी मराठी म्हणून सीमाप्रश्नाचा राग कर्नाटकच्या माजी मुख्यमंत्र्यावर काढतोय. आणि तिसरं म्हणजे आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या पोरांवर केस पडली की ती खोटी आणि दुसऱ्यावर पडली की खरी, हा कुठला न्याय.

तिसरं मला लागलं, त्यावर शेवटी येतो. आधी माझी चूक.

मी लिहिलं होतं, ‘येडियुरप्पा त्यातून सुटले’. हे चुकलं. २६ ऑक्टोबर २०१६ ला बेंगळूरच्या सीबीआय विशेष कोर्टानं त्यांना, दोन्ही मुलांना, जावयाला आणि बाकीच्या आरोपींना निर्दोष ठरवलं. खाणकामाच्या परवानग्यांच्या बदल्यात ४० कोटी घेतले असा आरोप होता, घरच्या प्रेरणा ट्रस्टला मिळालेली देणगी त्यातच धरली होती. साक्षी झाल्या, कागद तपासले गेले आणि कोर्ट म्हणालं की आरोप सिद्ध होत नाही. त्याला ‘सुटले’ म्हणणं म्हणजे केलं होतं पण निसटले असं सुचवणं, आणि तसं सुचवायचा मला अधिकार नाही. हे तुम्ही बरोबर पकडलंत.

पण सर, सगळ्याच केसेस अशा संपल्या नाहीत, आणि तुमच्या प्रतिक्रियेत सगळं एकाच पोत्यात भरलंय. संपादनातून जमिनी सोडल्याबद्दल कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेच्या, अहवालावरून लोकायुक्त पोलिसांनी जे पंधरा एफआयआर केले होते ते जानेवारी २०१६ मध्ये हायकोर्टानं रद्द केले. तिथं साक्षीदार उभा राहिला नाही, उलटतपासणी झाली नाही, जमीन का सोडली या प्रश्नाचं हो किंवा नाही असं उत्तर कुणी दिलं नाही. एफआयआर रद्द होणं हा कायद्यानं मिळालेला दिलासा आहे, तो त्यांचा हक्कच, पण पुरावा तपासून निर्दोष ठरणं वेगळं आणि हे वेगळं. आणि मला विचाराल तर यात खुद्द आरोपीचंही नुकसान आहे, कारण लोकांच्या मनात ते कायमचं अर्धवट राहतं.

डिनोटिफिकेशन, म्हणजे संपादनाला घेतलेली जमीन परत सोडणं, हा शब्द बेंगळूरचा वाटतो म्हणून आपल्याकडं बेळगावात त्याचं कुणाला काही पडलेलं नसतं. हलगा-मच्छे बायपासमध्ये ज्यांची तिबार पिकाची जमीन गेली त्यांना विचारा. एकदा नोटिफिकेशन निघालं की शेतकरी कागद घेऊन फिरफिर फिरतो, मोर्चे काढतो, बायाबापड्या पिकात आडव्या पडतात, तरी जमीन सुटत नाही. मग त्याच राज्यात संपादनातून जमिनी सोडल्या जात असतील तर कुणाच्या सोडल्या आणि कुणाच्या सहीनं, हे विचारणं म्हणजे जुनं उकरणं कसं होईल. याच विषयावर दोन वकिलांनी खाजगी तक्रार केली होती, राज्यपालांनी जानेवारी २०११ मध्ये परवानगी दिली, १५ ऑक्टोबर २०११ ला येडियुरप्पा परप्पन अग्रहार जेलमध्ये गेले आणि ८ नोव्हेंबरला बाहेर आले. तेव्हा त्यांना मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा देऊन जेमतेम अडीच महिने झाले होते.

आता काँग्रेसचा सूड. राज्यपाल हंसराज भारद्वाज हे आधी केंद्रात काँग्रेसचे मंत्री होते, त्यामुळं तुमच्या संशयाला जागा आहे हे मी मान्य करतो. पण बेकायदा खाणकामाचं प्रकरण घ्या. त्याची चौकशी लोकायुक्तांकडं सोपवली २००७ मध्ये, तेव्हा राज्यात जेडीएस-भाजपचं सरकार होतं आणि उपमुख्यमंत्री होते स्वतः येडियुरप्पा. लोकायुक्त संतोष हेगडे, सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती. २०१० मध्ये ते वैतागून राजीनामा देऊन बसले तेव्हा तो मागं घ्या म्हणून सांगणारे भाजपचे अडवाणी होते, काँग्रेसवाले नव्हेत. २७ जुलै २०११ ला त्यांनी अहवाल दिला, जोडपत्रांसकट २५ हजारांवर पानं, सरकारी तिजोरीचं नुकसान १६,०८५ कोटी असं त्यात लिहिलेलं, आणि नावं एकाच पक्षाची नव्हती, येडियुरप्पांबरोबर काँग्रेसचे अनिल लाड होते, जेडीएसचे कुमारस्वामी होते. अहवालात नाव आलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही, हे तिघांनाही सारखंच लागू. पुढं मे २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सीबीआय चौकशी सांगितली ती धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायाच्या याचिकेवर, एस. आर. हिरेमठांनी ती लढवली. धारवाड म्हणजे आपल्यापासून दीड-दोन तासांवर, बसनं जाऊन त्यांना भेटता येतं, दिल्लीला जायला नको.

आणि काँग्रेसलाही मी सोडत नाही. सिद्धरामय्यांच्या सरकारनं २०१६ मध्ये एसीबी, म्हणजे सरकारच्या हाताखालचा लाचलुचपत विभाग, काढली आणि भ्रष्टाचाराच्या केसेस करायचा लोकायुक्त पोलिसांचा अधिकार काढून घेतला. भाजपनं विरोधात असताना टीका केली, मग २०१९ ला सत्तेत येऊन तीच एसीबी तीन वर्षं चालवली. ती बंद केली ती हायकोर्टानं, ऑगस्ट २०२२ मध्ये. खाणप्रकरणातल्याच माजी भाजप मंत्री जनार्दन रेड्डींचा सीबीआयचा गुन्हा २००९ चा, आणि हैदराबादच्या कोर्टाचा निकाल मे २०२५ ला, सात वर्षांची शिक्षा. पुढच्याच महिन्यात त्या शिक्षेला स्थगितीही मिळाली. सूड म्हणावा तर इतका संथ सूड कुणाच्या काय कामाचा.

येडियुरप्पांवर २०२४ मध्ये दाखल झालेल्या पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) प्रकरणाबद्दल मी का लिहिलं नाही असं दुसऱ्या एकानं विचारलंय. त्यांनी ते आरोप नाकारलेत, प्रकरण कोर्टात आहे, आणि त्यात एक अल्पवयीन मुलगी आहे. मी लिहिणार नाही.

सीमाप्रश्नाच्या रागाबद्दल एवढंच म्हणतो की तो माझ्या मनात आहे, मी लपवलेला नाही, एक नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, मी काळी फीत लावतो. पण त्या लेखात कन्नड माणसाविरुद्ध एक वाक्य असेल तर दाखवा.

आता तुमचा तिसरा मुद्दा. सर, मी आजवर समितीच्या कार्यकर्त्यांवरच्या केसेसना सरसकट ‘खोट्या केसेस’ म्हणत आलो, आधीच्या लेखांतही तसंच आहे. सगळ्या खोट्या आहेत हे मला कुठं माहीत आहे? मला नीट माहीत आहे ती एकच.

माझा मामा उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डर होता. २००३ मध्ये एका मोर्चात तो होता, पाठीमागच्या टोकाला, पुढं कुणीतरी बसवर दगड मारला आणि पोलिसांनी जी तीस-बत्तीस नावं लिहिली त्यात त्याचं आलं. बेकायदा जमाव, दंगल, सरकारी मालमत्तेचं नुकसान. समन्स आलं ते कन्नडमध्ये, मामाला कन्नड बोलता यायचं पण वाचता येत नव्हतं, गल्लीतल्या कन्नड शाळेत जाणाऱ्या आठवीच्या पोराला बसवून ते वाचून घेतलं, आणि ते पोर कलमांचे आकडे वाचताना मामी दारात उभी राहून ऐकत होती. जामिनाला शेताचा आरटीसी उतारा, म्हणजे इकडचा सातबारा, पाहिजे म्हणून धाकट्या भावापुढं हात पसरावे लागले, दोघांचं बोलणं बंद असताना. मग तारखा. तारखेच्या दिवशी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा, डबा घ्यायचा, कोर्टाच्या आवारात झाडाखाली सकाळपासून बसायचा, दुपारी तीनला पुकारा व्हायचा, साक्षीदार आला नाही, पुढची तारीख. त्या दिवसाचा पगार गेला. असं नऊ वर्षं. वकील एकदा म्हणाले होते की हायकोर्टात जाऊन केस रद्द करून घेता येईल, पण तेव्हा धारवाडला हायकोर्ट आलेलं नव्हतं, ते २००८ मध्ये आलं, बेंगळूरला जायचं आणि वर वकिलाची फी, मामानं तो विषयच सोडला. शेवटी एकाही साक्षीदारानं त्याला ओळखलं नाही आणि निकाल लागला. बाहेर चहाच्या गाड्यावर एक ओळखीचा म्हणाला, ‘सुटलास की रे!’ मामानं कप तसाच खाली ठेवला. ‘सुटलो कशाला म्हणतोस, मी त्यात नव्हतोच.’

हे मी समोर उभं राहून ऐकलंय, आणि तरी माजी मुख्यमंत्र्याबद्दल लिहिताना तोच शब्द माझ्या हातून गेला. म्हणून तुमची प्रतिक्रिया लागली.

पण मामाची केस मांडली की दुसरी बाजूही मांडावी लागते. मंत्री असताना केलेल्या कामाबद्दल खटला चालवायला सरकारची परवानगी लागते, २०१८ च्या दुरुस्तीनंतर तर पदावरून उतरल्यावरही लागते आणि त्या पदावर घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करायलाही आधी मंजुरी पाहिजे. मामाचं नाव लिहायला हवालदाराला कुणाची परवानगी लागली नाही. एफआयआर रद्द करून घ्यायचा मार्ग कायद्यात दोघांनाही आहे, पण तिथवर जायला गाडीभाडं एकाकडंच होतं. नेत्यांच्या खटल्याबद्दल मी लिहितो ते यासाठी. त्यांना जेल व्हावी म्हणून लिहीत नाही, त्यांच्याही केसमध्ये पुकारा व्हावा, साक्षीदार यावा आणि कोर्टानं हो की नाही ते सांगावं म्हणून लिहितो.

सर, आज सकाळी लेखात बदल केलाय. ‘सुटले’ काढून ‘सीबीआय कोर्टानं निर्दोष ठरवलं’ असं तारखेसकट घातलंय, खाली दुरुस्तीची नोंद आहे आणि चूक निपाणीच्या एका वाचकानं दाखवली हेही लिहिलंय. समितीच्या केसेसवरच्या जुन्या दोन लेखांतला ‘सगळ्या खोट्या’ हा शब्दही काढलाय. रद्द झालेल्या एफआयआरचा आणि जमिनी सोडण्याचा परिच्छेद मात्र आहे तसाच ठेवलाय. त्यातलं एखादं वाक्य चुकीचं वाटत असेल तर ते वाक्य उचलून लिहा, मी परत उत्तर देतो.