स्लॅश, एक्सल आणि शैल्याचा फनेल

शनिवारी महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस हा अमेरिकन रॉक बँड बघून आल्यापासून नंदूचा घसा पार गेलाय. रविवारी फडके रोडच्या कट्ट्यावर तो खर्जात त्यांच्या गिटारवाल्याचं नाव, ‘स्लॅश… स्लॅश’ एवढंच करत होता. शैल्या त्याच्याकडे कीव आल्यासारखा बघत होता. शैल्या मार्केटिंगमध्ये आहे. बारशाला बोलावलं तरी तिथे ‘टार्गेट ऑडियन्स’ मोजतो.

“तुम्ही फार इमोशनल होता यार. त्यांचा ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ अल्बम चालला तो एमटीव्हीमुळे. जुलै 87 ला आला, अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत शिरला तेव्हा नंबर कितवा? 182! मग त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या डेव्हिड गेफनने एमटीव्हीला गळ घातली, व्हिडिओ लागला, अल्बम उठला. प्युअर डिस्ट्रिब्युशन. एक फनेल असतो…”

“चहा गाळायला?” पक्या म्हणाला. त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी डोकं लावून उरलेलं तो आमच्यासाठी राखून ठेवतो.

“पक्या, हा डेटा आहे.”

“मग व्हिडिओ लावला कधी तेही सांग ना. रविवारी पहाटे, अख्खी अमेरिका घोरत असताना! त्या वेळी जागे कोण? रात्रपाळीवाले आणि न उतरलेले. त्यांनी फोन करकरून एमटीव्हीवाल्यांचा बोर्ड जाम केला. गेफनने एकदा बटण दाबायला लावलं, पुढचा करंट या पोरांचाच. आयर्न मेडन, एरोस्मिथ असल्या मोठ्या बँडच्या आधी वाजवत गावोगाव फिरले, तेव्हा कुठे ऑगस्ट 88 मध्ये एक नंबरला गेला. वर्ष लागलं, वर्ष! आणि कव्हर? रॉबर्ट विल्यम्सचं चित्र बघून दुकानदार माल ठेवेनात. मग ते आत ढकलून बाहेर क्रॉसवरच्या पाच कवट्या छापल्या. दुकानदार माल उचलत नाही आणि हा म्हणे डिस्ट्रिब्युशन!”

कवट्यांवरून मंग्याला नको ते आठवलं. “नंद्या, माझी ‘ॲपेटाइट’ची कॅसेट कुठाय?”

नंदूने घशाकडे बोट दाखवलं.

“नाटकं करू नको. अकरावीत नेलीस. कोरी कॅसेट विकत घेऊन भरून आणली होती मी. परत मागितली तर ‘रॉकेट क्वीन’ अर्ध्यात तुटतंय आणि तुझ्या आईचा आवाज, मंगळागौरीची गाणी!”

“मग परत का नाही घेतलीस?” मी विचारलं.

“काकूच म्हणाल्या, राहू दे रे, पुढच्या वर्षी लागेल.”

नंदूच्या आईचा आवाज खरंच चांगला आहे, हे इथे नमूद करायला हवं.

शैल्याला हसू आलं नाही. “विषय भरकटवू नका. पैसा आणि पब्लिसिटी असल्याशिवाय काहीही विकलं जात नाही.”

“असं? मग याच बँडच्या गायकाचा, एक्सलचा ‘चायनीज डेमोक्रसी’ अल्बम घे,” पक्याने ग्लास खाली ठेवला. “दहा वर्षांहून जास्त घोळवला, लाखो डॉलर ओतले. एका सॉफ्ट ड्रिंक कंपनीने जाहीर केलं होतं, की हा 2008 मध्ये आला तर अख्ख्या अमेरिकेला फुकट पाजू. आणखी कसली पब्लिसिटी पाहिजे? आला नोव्हेंबरात. ‘ॲपेटाइट’ एकट्या अमेरिकेत 1 कोटी 80 लाखांवर गेला, बँडचा पहिलाच अल्बम. आणि चायनीज?”

“मला शेजवानच आठवतं,” मंग्या.

“त्यात स्लॅश नव्हता,” नंदू मोठ्या कष्टाने बोलला.

“बरोबर. 2012 ला मुंबईत आले तेव्हाही नव्हता. तेव्हा कोण गेलं होतं रे, कंपनीच्या फुकट पासवर?”

शैल्या मोबाइलमध्ये शिरला.

“हाच! आणि भलत्याच गिटारवाल्याचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, ‘विथ द लेजंड स्लॅश’!”

“लाइट कमी होता,” शैल्या म्हणाला. मग जरा थांबून, “पण त्या पोस्टला लाइक बघ किती आले होते.”

मंग्याला ठसका लागला आणि त्याच्या तोंडातला चहा सरळ माझ्या शर्टावर.