नदीकाठी कुत्र्याला घेऊन येताना दोरी आणा

दिवाळी सरली की शनिवार-रविवारी वाईकडे येणाऱ्या गाड्यांच्या खिडक्यांतून कुत्र्यांची तोंडे बाहेर डोकावू लागतात. पाचगणीच्या वाटेवर आणि धोम धरणाच्या आसपास राहण्याची सोय करणारे अनेक जण आता पाहुण्यांबरोबर त्यांची कुत्रीही घेतात, आणि मला ही गोष्ट मनापासून आवडते, कारण कुत्र्याला चार दिवस कुठल्या तरी पिंजऱ्यात ठेवून स्वतः सहलीला जाण्यापेक्षा त्याला बरोबर आणणे केव्हाही चांगले. माझा आक्षेप आहे तो पुढच्या समजुतीला. शहरातून आलेला जवळजवळ प्रत्येक जण धरून चालतो की गावाकडची नदी म्हणजे मोकळे रान, आणि मोकळ्या रानात पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सोडणे.

वाई ते मेणवली हा कृष्णेचा टापू जेमतेम तीन किलोमीटरचा आहे आणि मी तिथे तांबूला घेऊन वर्षानुवर्षे फिरते. तांबू गावठी आहे, इथेच जन्मलेला आहे, आणि तरीही तो दोरीवर असतो. त्यावरून वाटेत भेटणाऱ्या शेतकऱ्यांची माझ्यावर बरीच दया झालेली आहे. "सोडा की त्येला बाई, हितं कोण बगतंय?" हे वाक्य मी एवढ्यांदा ऐकले आहे की आता नुसती हसून पुढे जाते. त्यांचे बरोबरच आहे, त्यांची कुत्री मोकळीच असतात; पण त्या कुत्र्यांना कोणाचा बांध कुठे संपतो, कोणती म्हैस मारकी आहे आणि कोणत्या वस्तीवर पाऊल टाकायचे नाही हे लहानपणापासून ठाऊक असते. पुण्याच्या सोसायटीत वाढलेल्या लॅब्राडोरला यातले काहीच ठाऊक नसते, आणि ते शिकायला त्याच्या हाती फक्त दोन दिवस असतात.

याच दिवसांत खटाव, माण, फलटण या कोरड्या पट्ट्यातून धनगरांचे कळप पश्चिमेकडे सरकत असतात. पीक निघालेल्या रानात मेंढरे बसवून घेण्याची रीत जुनी आहे. शेतकऱ्याला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात, आणि कळप दोन-चार रात्री नदीलगतच्या मळ्यात मुक्काम करतो. कळपात गाभण मेंढ्या असतात, नुकती जन्मलेली कोकरे असतात. मेंढी घाबरली की एकटी पळत नाही, एकीमागे साऱ्या पळतात, आणि काठाची दरड समोर आली तरी मागच्यांच्या रेट्यामुळे पुढच्यांना थांबता येत नाही. गेल्या हिवाळ्यात एका पाहुण्यांचा तगडा कुत्रा अशा कळपात शिरलेला मी पाहिला. मालक लांबून "काही करत नाही तो, खेळतोय!" असे ओरडत होते, आणि ते खरेही होते, तो खेळतच होता, परंतु मेंढीला ते कोण समजावणार? क्षणभरात मेंढपाळाची कुत्री आली, तेव्हा खेळ संपला. कुत्र्याचा कान फाटला, दोन मेंढ्या दरडीखाली लंगडत उभ्या राहिल्या, आणि भरपाईची बोलणी सुरू झाल्यावर आम्हा गावकऱ्यांना मध्ये पडावे लागले. मेंढपाळाची कुत्री लांडग्याशी झुंजण्यासाठी पाळलेली असतात, त्यांच्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

मार्चनंतर कळप नसतात, पण पाणी उतरून गोटे आणि वाळू उघडी पडते आणि तिथे पक्ष्यांची वीण सुरू होते. टिटवी घरटे म्हणून काहीच बांधत नाही. उघड्या जमिनीवर खड्यांच्या रंगाची तीन-चार अंडी घालते, जी माणसाला पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. नदी सुरयही वाळूच्या पट्ट्यांवर मार्च ते मे या काळात अंडी घालतो. कुत्र्याने अंडे तोंडात धरलेच पाहिजे असे नाही. तो आजूबाजूला हुंदडत राहिला तरी पक्षी घरट्यावरून उठतात, आणि एप्रिलच्या उन्हात उघडे पडलेले अंडे फार वेळ तग धरत नाही. पाण्यात पोट भिजवून येऊन टिटवी ज्या अंड्यांना थंडावा देते, त्यांचे तिच्याविना काय होत असेल याचा अंदाज करणे अवघड नाही. डोक्यावर घिरट्या घालत टिटवी कर्कश ओरडू लागली, तर आपण तिच्या घरात उभे आहोत असे समजून आल्या वाटेने मागे फिरावे.

आता कुत्र्याच्या स्वतःच्या जिवाविषयी. काठावर जागोजागी पाणी उपसणाऱ्या मोटारी असतात, त्यांच्या केबली ओल्या मातीतून गेलेल्या असतात आणि काहींचे जोड उघडे असतात. पाण्यावर जलपर्णी साचली असेल तर ती कुत्र्याला हिरवळीसारखी दिसते. तो बेधडक पाय टाकतो आणि मुळांच्या जाळ्यात अडकतो. उसाच्या कडेला घोणस असते, जिचा फूत्कार कुकरच्या शिट्टीसारखा असतो, आणि कुत्रा हमखास त्याच आवाजाकडे नाक नेतो. उसात बिबट्याही असतो. अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा शास्त्रीय अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. अकोले म्हणजे वाई नव्हे, पण ऊस तोच, बिबट्या तोच. म्हणून दिवस मावळल्यावर उसालगतच्या वाटेने कुत्र्याला नेऊ नये, दोरीवरही नेऊ नये. याच कृष्णेच्या काठाने खाली सांगली जिल्ह्यात औदुंबर, भिलवडीकडे जाणार असाल, तर तिथे नदीत मगरी आहेत. तिथे कुत्र्याला पाण्यात उतरवण्याचा विचारही करू नये.

एवढे सगळे वाचून कोणाला वाटेल की मग त्या बिचाऱ्याने फिरण्याचा आनंद घ्यायचा तरी कसा? माझे उत्तर असे की आपण कुत्र्याच्या आनंदाची कल्पना आपल्या मुलांवरून करतो. त्याला पळायला आवडतेच, पण नव्या ठिकाणी त्याला सर्वांत जास्त हवा असतो तो हुंगण्यासाठी वेळ. रात्री इथून मुंगूस गेले का, म्हशी कधी गेल्या, कोणत्या कुत्र्याने या बाभळीवर पाय वर केला, हे सारे तो नाकाने वाचत असतो, आणि आपण मात्र किलोमीटर मोजत त्याला ओढत असतो. पाच-सहा मीटर लांबीची सुती दोरी घ्यावी, ती गळपट्ट्याला न लावता छातीवरच्या हार्नेसला लावावी, म्हणजे झटका मानेवर बसत नाही, आणि चालण्याचा वेग त्याने ठरवावा. अशा रीतीने मेणवलीला पोहोचायला दीड तास लागला तरी लागू द्यावा. नुसत्या धावण्यापेक्षा असा हुंगत घालवलेला तासभर तांबूला अधिक दमवतो आणि घरी आल्यावर तो शांत झोपतो.

लसीकरणाबद्दल फार लिहीत नाही, पशुवैद्य ते सांगतातच. रेबीजची आणि लेप्टोस्पायरोसिसची लस वेळेवर झालेली असावी, फिरून आल्यावर कानांत, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली गोचीड तपासावेत. एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. कुत्र्याच्या आतड्यातल्या एका पट्टकृमीची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडतात. ते गवत मेंढीने खाल्ले की अळी तिच्या मेंदूत जाऊन गाठ करते आणि मेंढी एकाच जागी गोल गोल फिरू लागते. जंताचे औषध आणि विष्ठा उचलण्याची पिशवी या दोन गोष्टी म्हणूनच शहराइतक्याच, किंबहुना अधिक, इथे लागतात. "शेतातच आहे, खत होईल" हा युक्तिवाद कृपा करून करू नये. ज्या घाटावर बायका धुणे धुतात आणि मुले डुंबतात, त्याच्या वरच्या अंगाला तर नाहीच नाही.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत, ज्यांच्या मते नदी पवित्र असल्यामुळे कुत्र्याने तिच्याकडे फिरकूच नये. त्यांना मी एवढेच विचारते की कृष्णाकाठच्या औदुंबरला आणि नृसिंहवाडीला ते ज्या दत्तात्रेयांच्या दर्शनाला जातात, त्यांच्या पायाशी कोण उभे असते? तरीही देवळाच्या आवारात, भरल्या घाटावर, किंवा वाईच्या घाटांवर कृष्णामाईच्या उत्सवाचा मांडव असताना कुत्रे नेऊ नये, कारण गर्दीत भेदरलेले लहान मूल आणि भेदरलेले कुत्रे यांची गाठ पडणे कोणाच्याच हिताचे नसते.

पाहुण्यांची कुत्री स्वीकारणाऱ्या निवासस्थानांनी खोलीत कुत्र्यासाठी गादी ठेवण्याआधी दारात एक लांब दोरी आणि पिशव्यांची गुंडाळी ठेवावी, आणि आज कोणाच्या मळ्यात मेंढरे बसली आहेत हे पाहुण्यांना सकाळीच सांगावे. गावात ही माहिती सगळ्यांना असते, विचारायला एक फोन पुरतो.

कधी यावे, असे विचाराल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, उजाडल्यावर लगेच, आणि शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळून. मेणवलीचा नाना फडणवीसांचा घाट त्या वेळी रिकामा असतो. पायऱ्यांवर शेवाळ असते, तेव्हा दोरी हाताला गुंडाळून घेऊ नये. कुत्रा घसरला तर तुम्हीही त्याच्यामागे जाल. काठाने अखंड वाट नाही, मधे मधे मळे लागतात, तिथे कोणी दिसल्यास "जाऊ का?" असे विचारून बांधावरून जावे. समोरून बहुधा "चावतंय का?" असा प्रतिप्रश्न येतो आणि लगेच वाटही मिळते. उन्हाळ्यात नऊनंतर आणि पावसाळ्यात धरणातून विसर्ग चालू असताना काठाकडे फिरकूच नये.

वेण्णा, नीरा आणि भीमेच्या काठी कुत्री घेऊन फिरणारे कोणी इथे असतील, तर तिथे कळप कोणत्या महिन्यांत उतरतात आणि कोणता टापू टाळावा हे अवश्य लिहावे. मला पुढच्या महिन्यात तांबूला घेऊन नीरेकडे जायचे आहे.