एका रॉच्या तीन कॉपी केल्या की झाला एचडीआर? अहो कसं शक्य आहे

सध्या एक टीप जिकडे तिकडे फिरतेय. ब्रॅकेटिंग (एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्सपोजरचे वेगवेगळे फोटो) विसरा, ट्रायपॉड विसरा, एकच रॉ फोटो (सेन्सरचा कच्चा डेटा) घ्या, एक्सपोजर उणे दोन, शून्य आणि अधिक दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) करून तीन जेपेग काढा, एचडीआर सॉफ्टवेअरमधे मर्ज करा, झाला तुमचा "खरा" एचडीआर, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद सावली दोन्हीतलं डिटेल दाखवणारा फोटो. आणि वर पुरावा काय, तर फोनही एका क्लिकमधे हेच करतो म्हणे. मी स्वतः हा उद्योग वर्षभर केलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे "तीन एक्सपोजर मिळतात". कुठून मिळणार? एक्सपोजर होतं ते शटर उघडं असताना, नंतर स्लायडर ओढून होतो तो नुसता आकड्यांचा गुणाकार-भागाकार. माझाच फोटो सांगतो, अंधारी खोली, खिडकीशी बसलेली बहीण, बाहेर रणरणतं ऊन. उणे दोनची कॉपी काढली तेव्हा वाटलं आता बाहेरचं झाड दिसणार, तर झाडाच्या जागी सपाट राखाडी डाग, आयड्रॉपर (पिक्सेलचा रंग मोजायचं टूल) कुठेही ठेवा आकडे तेच. तिथल्या पिक्सेलची प्रकाश मोजायची हद्दच संपली होती, त्यापुढे किती प्रकाश आला याची नोंदच कुठे नाही. कधी कधी फक्त हिरव्या रंगाचा चॅनल उडालेला (हद्दीला टेकलेला) असतो आणि लाल-निळ्यावरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं, ते बऱ्यापैकी जमतं, पण तिन्ही उडाले की विषय संपला.

"अधिक दोन केलं की सावलीतलं डिटेल बाहेर येतं". येतं ना, पण नॉइजला हाताला धरून येतं. बहिणीच्या मागच्या पुस्तकांच्या कपाटावर जांभळे-हिरवे ठिपके नुसते नाचत होते. हिशेब बघा, अंधाऱ्या पिक्सेलवर सरासरी 100 फोटॉन पडले तर त्यात साधारण 10 ची वरखाली असतेच (वर्गमूळ), म्हणजे सिग्नल नॉइजच्या 10 पट. स्लायडरने चौपट केलं की 400 ला 40, गुणोत्तर जिथल्या तिथे. शटर खरंच चौपट वेळ उघडं ठेवलं असतं तर 400 ला 20, म्हणजे 20 पट. ट्रायपॉड घेऊन फिरणाऱ्यांना काय हौस आहे का ओझं वाहायची?

"मर्ज केल्याने रेंज (सर्वात उजळ ते सर्वात गडद यातलं अंतर) वाढते" हे तर उलटंच आहे. 14 बिटच्या रॉमधे प्रत्येक पिक्सेलला 16384 पायऱ्या, जेपेगमधे चॅनलला 256, आणि आपण आधी रॉची तीन जेपेग करायची मग तीच पुन्हा चिकटवायची, त्यापेक्षा रॉमधेच हायलाइट (उजळ भाग) खाली आणि शॅडो (सावल्या) वर ओढले तर काय बिघडलं? पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक या संशोधकांनी 1997 मधे मांडलेली एचडीआरची पद्धत वेगवेगळ्या शटर-वेळांच्या फोटोंवरच उभी आहे, एका फोटोत जळालेला भाग दुसऱ्यात शाबूत असतो हाच तिचा आधार. इथे जळालेला भाग तिन्हीकडे जळालेलाच.

आता फोन. बटण एकदा दाबलं म्हणजे फोटो एकच निघाला असं नसतं हो. गूगलने 2016 मधे एचडीआर प्लसची जी पद्धत प्रसिद्ध केली त्यात फोन मुद्दाम कमी एक्सपोज केलेल्या फ्रेम्सचा बर्स्ट (लागोपाठ फोटो) घेतो, त्या एकमेकांवर जुळवतो आणि एकत्र करून नॉइज कमी करतो. गंमत म्हणजे त्या सगळ्या फ्रेम्सचं एक्सपोजर सारखंच असतं, पण प्रत्येक फ्रेम नवा प्रकाश गोळा करते, कॉपी करत नाही.

एका फोटोवर काम करूच नये असं मी म्हणत नाहीये. पोरं धावतायत, पानं हलतायत, तिथे ब्रॅकेटिंग केलं तर हललेल्या गोष्टींची धूसर भुतंच येतात. हल्लीचे चांगले फुल फ्रेम सेन्सर बेस आयएसओला (सेन्सरच्या मूळ संवेदनशीलतेला) 14 स्टॉपच्या आसपास रेंज पकडतात, त्यात बरीच दृश्यं मावतात, फक्त एक्सपोजर हायलाइट वाचतील असं ठेवा आणि सावल्या नंतर उचला. याला टोन मॅपिंग म्हणतात. क्लॅरिटीचा स्लायडर मात्र हात राखून, नाहीतर माणसांभोवती चकाकती प्रभावळ येते आणि सगळे संत दिसायला लागतात.

बहिणीच्या फोटोत मी शेवटी खिडकी पांढरीच ठेवली, चेहरा थोडासा उचलला आणि कपाट अंधारात राहू दिलं.