पाथ सिलेक्टरचा रिव्ह्यू म्हणे चहा संपेपर्यंत होतो

सांगली-मिरजेतल्या सहकारी बँका, दवाखाने आणि साखर कारखान्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मजकूर फिरतोय. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरंही तो पुढं ढकलतायत, म्हणून हे लिहावं लागतंय. मल्टिपाथ म्हणजे सर्व्हरपासून डिस्कच्या साठ्यापर्यंत एकापेक्षा जास्त मार्ग वापरायची सोय, आणि पुढची विनंती कोणत्या मार्गानं धाडायची हे ठरवणारा कोड म्हणजे पाथ सिलेक्टर. मजकुराचा आशय असा: लिनक्सच्या गाभ्यातले, म्हणजे कर्नलमधले, मल्टिपाथचे पाथ सिलेक्टर म्हणजे काहीशे ओळींच्या फायली. मार्ग निवडणारं एक फंक्शन वाचलं की चहा संपेपर्यंत रिव्ह्यू होतो. लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी) दिसला तर काढायला सांगा, वेग वाढतो. आणि शंका असेल तर राउंड-रॉबिन (मार्गांना पाळीपाळीनं काम देणारा सिलेक्टर) लावा, ते सगळ्यांत न्याय्य.

फायली लहान आहेत, एवढं खरं.

आता ते 'एक फंक्शन'. सर्व्हिस-टाइम नावाचा सिलेक्टर प्रत्येक मार्गावर किती बाइट अजून वाटेत आहेत याची बेरीज ठेवतो. विनंती निघाली की स्टार्ट-आयओ हा कोड ती बेरीज वाढवतो, विनंती पुरी झाली की एंड-आयओ हा कोड कमी करतो. निवडीचं फंक्शन फक्त तयार आकडा वाचतं. कारखान्याच्या गाडीतळावर आत आलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरची नोंद झाली, पण गव्हाणीवर रिकामे होऊन बाहेर पडलेल्या काहींची राहून गेली, तर तळ मोकळा असूनही वहीत भरलेला दिसतो. मग नवी गाडी तिकडं पाठवतो कोण?

नेमका असा दोष कर्नलमध्ये होता आणि तो २०१९ मध्ये दुरुस्त झाला. खालच्या ड्रायव्हरनं 'आत्ता जागा नाही' म्हटलं की विनंती पुन्हा रांगेत जायची आणि पुन्हा पाठवली जायची. दर खेपेला स्टार्ट-आयओ चालायचा, एंड-आयओ मात्र शेवटी एकदाच. आकडा फुगायचा, आणि सर्व्हिस-टाइमबरोबर क्यू-लेंग्थची (वाटेतल्या विनंत्या मोजणाऱ्या सिलेक्टरची) निवडही चुकायची. त्यावर उपाय केला तो मल्टिपाथच्या मुख्य कोडमध्ये: विनंती रांगेत परत करण्याआधी एंड-आयओ बोलवायचा. सिलेक्टरची फाइल कितीही वेळा वाचली असती तरी त्यात काही वावगं दिसलं नसतं. म्हणून रिव्ह्यू करणाऱ्यानं आधी शोधायचं ते हे, की स्टार्ट-आयओनंतर विनंती किती वाटांनी बाहेर पडू शकते आणि त्या प्रत्येक वाटेवर वजाबाकी होते का. चुकीच्या वाटा सहसा त्रुटी हाताळणाऱ्या कोडमध्येच असतात, आणि तिकडं कुणी फिरकत नाही.

लॉकचं म्हणाल तर तो प्रयोग करून झालाय. २०१६ मध्ये राउंड-रॉबिनमधला 'सध्याचा मार्ग' प्रत्येक सीपीयूसाठी वेगळा ठेवला, म्हणजे लॉक घ्यायला नको. २०१७ मध्ये तो बदल मागं घेतला. अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) लॉकशिवाय 'सध्याचा मार्ग' दाखवणाऱ्या त्या पॉइंटरला हात लावत असल्यामुळं काही मार्ग इतरांपेक्षा जास्त वापरले जात होते आणि कामगिरी उलट खालावत होती. स्पिनलॉक, म्हणजे तिथला जुना लॉक, परत आला. लॉक काढणारा पॅच (कोडमधला बदल) आला तर 'किती वेळ वाचला' याच्या जोडीला 'वाटप अजून समान राहतं का' याचेही आकडे मागायला हवेत. ते नसतील तर पॅच परत.

राहिला न्याय्यपणा. राउंड-रॉबिन पाळी मोजतं. पाळीत चार केबीची विनंती आली काय नि एक एमबीची आली काय, त्याला फरक पडत नाही, आणि एखादा मार्ग रडतखडत चालला असला तरी त्याची पाळी येतेच. क्यू-लेंग्थ आणि सर्व्हिस-टाइम हे दोन्ही २००९ मध्ये कर्नलच्या २.६.३१ आवृत्तीत आले ते यासाठीच. २०२० मध्ये ५.८ मध्ये आलेला हिस्टॉरिकल-सर्व्हिस-टाइम तर आधीच्या विनंत्यांना लागलेला वेळही धरतो. मल्टिपाथ सांभाळणाऱ्या मल्टिपाथ-टूल्स या प्रोग्रॅममध्ये आज काही न बदलता मिळणारी निवड सर्व्हिस-टाइम आहे. शिवाय मार्गांचे प्राधान्यानुसार गट, म्हणजे प्रायॉरिटी ग्रुप, केलेले असतात आणि सिलेक्टर निवडतो तो चालू ग्रुपमधल्या मार्गांतूनच. गट पाडायची पद्धत फेलओव्हर (एक मार्ग बंद पडला तरच दुसरा) असेल तर एका ग्रुपमध्ये एकच मार्ग. तिथं राउंड-रॉबिन लावून व्हॉट्सअ‍ॅप गटात मिरवणाऱ्यानं नेमकं काय फिरवलं, देव जाणे.

मजकुराच्या शेवटी एक ओळ आहे: 'एक मार्ग सुस्त वाटला तर मल्टिपाथ रिलोड करा, नीट होतं.' नीट दिसतं, कारण रिलोडनं मार्गांची नवी यादी, म्हणजे नवं टेबल, चढलं की सिलेक्टर नव्यानं तयार होतो आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. आकडा फुगलेला असेल तर पुरावाही त्यासोबत गेला. त्याआधी आयओ (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं) थांबलेलं असताना डीएमसेटअप स्टेटस ही आज्ञा चालवून बघा. सर्व्हिस-टाइममध्ये प्रत्येक मार्गापुढं वाटेतल्या बाइटचा आकडा येतो. मशीन निवांत असताना तो शून्य नसेल, तर आधी ते आउटपुट जपून ठेवा आणि मग रिलोड करा.